न दुखलेला काटा

मावशी, तुझ्या जागी दुसरी बाई आली. तुझं दहावं व्हायच्या आतच आली. आमच्या घराच्या मागच्या खिडकीतून प्रसूतिगृहाची मोरी दिसते. ती आली त्याच सकाळी तिथून सिस्टरची हाक ऐकू आली, "मावशी, तीन नंबरला बेडपॅन," आणि मी हातातला चहा ठेवून खिडकीशी धावले. उत्तरही लगेच आलं, फक्त आवाज तुझा नव्हता. तू गेल्याचं त्या हाकेला कळलंच नाही.

आपलं पहिलं भांडण याच हाकेवरून झालं होतं. मी नुकतीच कॉलेज संपवून संघटनेच्या कामाला लागले होते आणि विरारच्या फुलपाड्यातल्या प्रत्येक माणसाला त्याचे हक्क समजावून सांगायची मला घाई होती. मी खिडकीतून म्हटलं होतं, "मावशी म्हणतात म्हणून खूश होऊ नकोस. मावशीला नेमणुकीचं पत्र देत नाहीत. मावशीला आजारपणाची रजा नसते. हजेरीपुस्तकात तुझं नाव तरी आहे का?"

तू हातमोजे वाळत घालत होतीस. डॉक्टरांनी वापरलेले रबरी हातमोजे ब्लीचिंगच्या पाण्यात खळखळून धुवायचे, उलटे करायचे, तारेला चिमट्यांनी टांगायचे आणि वाळले की पावडर मारून परत आत द्यायचे. हे काम तू उघड्या हातांनी करायचीस.

"बग, बोंबील वालत घातलेत," तू म्हणालीस. "कावल्यावर नजर ठेव, मी आतून येते."

"मी काय विचारलं?"

"हजेरीचा ना? नाय माजा नाव. पन सकाली मी नाय आले तर डॉक्टरला चा कोन देतो, ते त्याला बरोबर म्हायत हाय."

तू अर्नाळ्याची. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मावरं, म्हणजे मासळी, निवडण्याचं काम केलेलं. नवरा गेल्यावर मुलगी सुनंदाला घेऊन विरार पूर्वेला आलीस आणि या प्रसूतिगृहात लागलीस. पुढे सुनंदाचं लग्न जूचंद्रला झालं, तिचं पहिलं बाळंतपण अडलं, तेव्हा याच डॉक्टरांनी सगळी दुपार उभं राहून दोघांना वाचवलं. ते तू कधी विसरली नाहीस. मी डॉक्टरांविरुद्ध तोंड उघडलं की तू नातवाचा फोटो दाखवायचीस. फोटोशी वाद कसा घालायचा, हे मला कोणत्याही शिबिरात शिकवलं नव्हतं.

मला वाद घालायला शिकवलं होतं ते कागदावर. माझ्या वडिलांची, आप्पांची गिरणी बंद पडली, परळची खोली गेली आणि आम्ही इथे आलो, तेव्हा टेम्पोत भांड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. मी अक्षरं त्यावरच गिरवली. 'बंधूंनो आणि भगिनींनो' मला बाराखडीच्या आधी वाचता येत होतं. छापलेली ओळ म्हणजे तपासलेली ओळ, असं मी धरून चालले होते. आपल्या बाजूच्या माणसांनी छापलेली असेल तर नक्कीच.

त्या पत्रकाची गोष्ट तुला पुन्हा सांगायला नको, पण मला सांगायची आहे. प्रसूतिगृहाच्या मागे कचऱ्याचा ढीग असायचा. तिथे प्लास्टिक वेचणाऱ्या एका बाईच्या चपलेतून आरपार सुई घुसली. मी तिला भिंतीशी बसून पाय पिळताना पाहिलं, तिचं रक्त पाहिलं, आणि त्याच दुपारी पत्रक लिहून काढलं. 'उघडी सुई म्हणजे उघडा सुरा. टोपण घट्ट लावा, मगच सुई टाका.' स्टेशनजवळच्या छापखान्यात छापून घेतलं. फुलपाड्यापासून चंदनसारपर्यंत जेवढे दवाखाने आणि प्रसूतिगृहं होती, तेवढ्या ठिकाणी स्वतः वाटलं. कुणा डॉक्टरला विचारलं नाही. डॉक्टरांना विचारायचं कशाला, त्यांच्याविरुद्ध तर ते पत्रक होतं.

डॉक्टरांनी ते टोपलीत टाकलं. तू ते टोपलीतून उचललंस आणि खिडकीशी येऊन म्हणालीस, "वाच."

मी वाचलं.

"परत वाच."

परत वाचलं. तुला लिहितावाचता येत नव्हतं, पण एकदा कानावर पडलेलं तुझ्याकडून कधी सुटलं नाही. "टोपन घट्ट लावा, मगच सुई टाका," तू म्हणून दाखवलंस. "खरा हाय. त्या बाईचा पाय मी पन बगितला. आमचीच सुई ती."

त्याआधी सिस्टर वापरलेल्या सुया ताटात उघड्या ठेवायच्या आणि तू ते ताट बादलीत उपडं करायचीस. त्या दिवसापासून तू मोरीच्या कट्ट्यावर बसायला लागलीस. ताटभर सुया एका बाजूला, टोपणांचा ढीग दुसऱ्या बाजूला. डाव्या हाताच्या चिमटीत टोपण, उजव्या हातात सुई. एकेक सुई नेमकी आत बसवून, टक् वाजेपर्यंत दाबायची. विरारमधल्या एवढ्या दवाखान्यांत माझं पत्रक मनावर घेतलं ते तू एकटीनं. मी आप्पांना खिडकीशी बोलावून दाखवलं होतं. म्हटलं, "बघा, आपलं पत्रक कामाला लागलंय." आप्पाही खूश झाले. आम्ही दोघं खिडकीत उभे राहून तुझ्याकडे कौतुकानं बघत होतो, मावशी.

एकदा मी विचारलं, "टोचत नाही का गं?"

"टोचते की." तू मान वरही केली नाहीस. "शिंगाल्याचा काटा म्हायत हाय तुला? मासा असतो, त्याला बाजूला काटा असतो. मी बारकी पोरी असताना तलव्यात घुसलेला. दोन दिस हात खांद्यापर्यंत पेटलेला. आई म्हनाली, आता हा हात जातो. तो काटा. ही सुई काय, मुंगी. टोचली काय, नाय टोचली काय, कलत पन नाय. जो काटा दुकत नाय त्याला काय भ्यायचा?"

बोट पिळायचं, रक्ताचा थेंब काढायचा, डब्यातली हळद लावायची आणि पुढची सुई घ्यायची. काट्याचं विष दुखण्यावरून मोजायचं, हे तुझ्या किनाऱ्यानं तुला शिकवलं होतं, आणि माशांच्या बाबतीत ते अगदी बरोबर होतं. माझी चूक मोठी. मी ते वाक्य ऐकून हसले आणि वहीत उतरवून घेतलं. पुढे कधी भाषणात वापरता येईल म्हणून.

गणपतीच्या सुमारास एका संध्याकाळी तू खिडकीशी आलीस ती हसतच. "आज एका बाईला घेतली टेबलावर, तर सिस्टरनी दोन-दोन मोजे घातलेले. मी विचारला, थंडी वाजते काय गो? ती हसली पन नाय."

मी हसले. सिस्टर का हसली नसेल, असा प्रश्न मला पडला नाही. रोज जगाला प्रश्न विचारणारी मी.

माघात तुला मावरं नकोसं झालं. तुझ्या भावानं अर्नाळ्याहून ताजे बोंबील पाठवले होते. तू तळून मला वाटीभर दिलेस आणि स्वतः वासानंच बाहेर जाऊन बसलीस. अर्नाळ्याची बाई बोंबलाच्या वासानं उठून जाते, एवढ्यावरून तरी कळायला हवं होतं. चार दिवसांनी डोळे पिवळे झाले. त्या वर्षी आपल्याकडे टँकरच्या पाण्यानं घराघरात कावीळ होती, त्यामुळे कुणी फार विचार केला नाही. डॉक्टरांनी तुला दारातूनच पाहिलं आणि सांगितलं, "पाण्याची कावीळ आहे. पाणी उकळून प्या, उसाचा रस घ्या, घरी पडून राहा." सुनंदा येऊन तुला जूचंद्रला घेऊन गेली. तिथे कुणी काविळीची मुळी द्यायचं, ती आठवडाभर घेतलीस. मी भेटायला आले तेव्हा तू खाटेवर बसून म्हणालीस, "पिवली झाले तर काय वाईट दिसते? हलद न लावता हलद लागली." मी तुला पाणी उकळण्यावर भाषण दिलं आणि परत आले.

मग तू सुनंदाला तुझ्या आईच्या नावानं हाक मारायला लागलीस. तेव्हा आम्ही घाबरून तुला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात आणलं.

तिथला डॉक्टर माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनीच मोठा असेल. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. त्यानं पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले आणि सुनंदाला विचारलं, "आई काम काय करतात?"

इतक्या दिवसांत कुणीच हे विचारलं नव्हतं. तुझ्या डॉक्टरांना विचारायची गरज नव्हती. मुळीवाल्यानं विचारलं नाही. आणि मी, जिनं 'कामगार' हा शब्द 'आई' या शब्दाच्या आधी उच्चारला असेल, तिनंही तुझ्या पिवळ्या डोळ्यांचा तुझ्या कामाशी संबंध लावला नव्हता.

"प्रसूतिगृहात मावशी आहे," सुनंदा म्हणाली.

त्यानं लगेच विचारलं, "सुई टोचली होती कधी? चार-सहा महिन्यांपूर्वी?"

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मला कट्टा दिसला, ताट दिसलं, चिमटीतलं टोपण दिसलं. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा त्यानं मला बाजूला घेऊन सरळ भाषेत सांगितलं. हिपॅटायटिस बी. पाण्यातून येत नाही, रक्तातून येते. सुईवर दिसणारही नाही एवढं रक्त पुरतं. आणि सुईला टोपण परत कधी लावायचं नसतं. बहुतेकांना ती टोपण लावतानाच टोचते, पलीकडच्या हाताच्या बोटात. सुई तशीच उघडी, जाड डब्यात टाकायची. "एवढंही शिकवत नाहीत का तुमच्याकडे?" तो चिडून म्हणाला.

शिकवतात, असं मला म्हणता आलं नाही. काय शिकवतात आणि कोण शिकवतं, हे सांगावं लागलं असतं.

त्या दुपारी तू थोडी शुद्धीवर होतीस. सुनंदा औषधं आणायला गेली होती. मी तुझ्या कानाशी वाकून विचारलं, "मावशी, सुई टोचली ती टोपण लावताना का?"

तू बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं ओळखलं नाहीस. मग म्हणालीस, "नाय गो. कचरा भरताना." आणि चादरीतून डाव्या हाताचं पहिलं बोट काढून दाखवलंस. "हितं."

मी म्हटलं, "बरं."

"तुजा कागद चांगला होता," तू म्हणालीस.

हे आपलं शेवटचं बोलणं. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

आता मी ते सांगते जे त्या 'बरं' म्हणण्यात मी गिळलं. कचरा तू उजव्या हातानं भरायचीस. मी खिडकीतून रोज बघत होते, मला माहीत होतं. डावा हात फक्त टोपणाला लागायचा. तू बोट दाखवलंस त्या क्षणीच मला कळलं की तू खोटं बोलते आहेस आणि कुणासाठी बोलते आहेस. तरी मी 'बरं' म्हटलं, कारण मला ते खरं असायला हवं होतं. तुझ्या खाटेशी बसून मी स्वतःची सुटका करून घेतली. तुझा हात हातात घ्यायचं सोडून मी तुझं खोटं हातात घेतलं.

तुझ्यानंतर सुनंदानं डॉक्टरांकडे एकच गोष्ट मागितली. आईचा आजार कामावरून झाला, एवढं लिहून द्या. तिला बाकी काही नको होतं. "आई काय पिऊन मेली, असं सासरी विचारतात," ती म्हणाली. "काविळीनं लिव्हर गेलं म्हटलं की लोकांना दारूच आठवते." मीही तिच्याबरोबर गेले. डॉक्टर नम्रपणे बोलले. तुझं नाव घेऊन म्हणाले, भानूबाई आम्हाला घरच्यासारख्या होत्या. विरारमध्ये पाण्यानं कावीळ कुणाला होत नाही? आणि सुईचं म्हणाल तर, "टोपण लावा असं आम्ही त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. कुणी सांगितलं, देव जाणे."

देवाला माहीत होतं, आणि त्यांच्यासमोर बसलेल्या मला. त्यांचं ते वाक्य शब्दशः खरं होतं. मी गप्प राहिले.

बाहेर कमलनं मला हाक मारली. तुझ्याबरोबर काम करणारी, चंदनसारची कमल. तिनं मोरीशी उभं राहून हळू आवाजात सगळं सांगितलं. त्या दोन-दोन मोज्यांच्या दिवशी ती तुझ्याशेजारी होती. आतल्या बाईच्या रक्तात काविळीचा दोष आहे हे सिस्टरना आधीच माहीत होतं, तुम्हाला दोघींना कुणी सांगितलं नाही. त्याच ताटातली सुई टोपण लावताना तुझ्या बोटात गेली. कमल म्हणाली, आतल्यांनी काविळीची लस टोचून घेतली तेव्हा तिनं विचारलं होतं, आम्हाला? तर उत्तर मिळालं, "तुम्ही कुठे इंजेक्शन देता?"

"हे लिहून देशील?" मी कमलला विचारलं.

"देईन. पण तुम्ही पण द्याल ना ताई? तिला टोपणाचं कोणी सांगितलं ते?"

तिनं हे रागानं म्हटलं नाही. म्हणून जास्त लागलं.

घरी येऊन आप्पांना सांगितलं की मी नवीन पत्रक काढणार आहे आणि त्यात आधीच्या पत्रकाची चूक लिहिणार आहे. आप्पांनी चष्मा काढून ठेवला. "पत्रकात आपली चूक छापायची नसते, पोरी. मालकाच्या हातात कोलीत देतेस तू. तो म्हणेल, बाहेरच्या मुलीचं ऐकून बाई मेली, माझा काय संबंध? सुनंदाला मिळायचं ते पत्रही मिळणार नाही."

"मग खोटं बोलायचं?"

"गप्प बसायचं. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे."

"तुम्हीच उलटं शिकवलंत, आप्पा." पण त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. नुकसान माझं झालं नसतं, सुनंदाचं झालं असतं. म्हणून मी जूचंद्रला गेले आणि तिला पहिल्या ओळीपासून सगळं सांगितलं. पत्रक कोणी लिहिलं, तू ते कसं पाळलंस, हॉस्पिटलात तू मला काय म्हणालीस आणि मी काय म्हटलं.

सुनंदा तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. तशीच म्हणाली, "आई तुझ्यासाठी खोटं बोलली. मी नाय बोलणार."

"म्हणजे छापू नको?"

"म्हणजे छाप. तुझं पण छाप आणि त्यांचं पण छाप. मोजे नाय दिले, लस नाय दिली, बाईचं रक्त कसलं ते सांगितलं नाय, ते तू केलंस काय? मग त्या डॉक्टरनी पत्र नाय दिलं तर नाय दिलं." मग सूप बाजूला ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "आईचं नाव घाल. ती नको म्हणायची, मला माहीत आहे. मेलेल्यांची आणि चोरांची नावं छापतात म्हणायची. घाल तरी."

जाताना तिनं मला दारापर्यंत सोडलं नाही. तिनं मला माफ केलं आहे असं मी कुठे म्हटलेलं नाही, तुलाही म्हणत नाही.

या वेळी लिहिण्याआधी मी त्या तरुण डॉक्टरला जाऊन विचारलं, त्याला प्रत्येक ओळ वाचून दाखवली. मग कमल आणि तुझ्या जागी आलेली बाई, दोघींना मोरीच्या कट्ट्यावर वाचून दाखवलं. 'सुईला टोपण परत लावू नका. मागच्या पत्रकात आम्ही लावा असं लिहिलं होतं. ते चुकीचं होतं.'

नवी बाई म्हणाली, "मग मागे कचऱ्यातल्या बाईला टोचली तर?"

मावशी, हाच प्रश्न तू पहिल्याच दिवशी सोडवायला बसली होतीस. माझ्या आळशी ओळीनं तो तुझ्या दोन बोटांवर टाकला होता. मी तिला जाड डब्याचं सांगितलं. कमलनं आतून औषधाचा एक रिकामा, जाड प्लास्टिकचा कॅन शोधून आणला, तोंड सुरीनं कापून मोठं केलं आणि कट्ट्याखाली ठेवला. सिस्टरनं काय ते विचारलं. कमल म्हणाली, "सुयांचा डबा. आता ह्यातच टाकायच्या, थेट." सिस्टरनं ताट तिच्या हातात न देता स्वतः डब्यात उपडं केलं. तेवढंच झालं. लस अजून मिळालेली नाही. मोजे अजून धुतलेलेच मिळतात. त्यासाठी आम्ही भांडतोय आणि कमलनं अर्जावर सही केली आहे, हजेरीपुस्तकात नसलेल्या नावाची.

डॉक्टरांनी सुनंदाला पत्र दिलं नाही. आप्पा म्हणाले होते तसं, माझं पत्रक टेबलावर ठेवून त्यांनी तिला विचारलं, "आता मी काय लिहून देऊ?" सुनंदानं ते पत्रक उचललं, घडी घातली आणि घरी नेलं. सासरी तेच दाखवलं म्हणे.

ते पत्रक मी काल चंदनसारपर्यंत सगळीकडे वाटून संपवलं. त्यात तुझं पूर्ण नाव आहे, गाव आहे, काम काय करत होतीस ते आहे, आणि तुला सुई टोचली ती टोपण लावताना, हे आहे. तुला आता एकदा तरी खिडकीशी यायला हवं. माझं म्हणणं खोडून काढायला. 'नाय गो, कचरा भरताना' असं परत एकदा म्हणायला, म्हणजे मी या वेळी 'बरं' म्हणणार नाही. जाता जाता तू मला देऊन गेलेली एकच गोष्ट होती, ती मी दवाखान्या-दवाखान्यांतून खोटी ठरवून आले. रागव, मावशी. ये आणि रागव.